वीसास एकचा आकडा बाजूला ठेवा, आधी रोजचा बदल मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. बॅकअप घेणारा एलटीओ-५ टेप ड्राइव्ह बंद पडलाय. डेटा १२ टीबी: १४ व्हर्च्युअल मशीनचे (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगवेगळे संगणक) ३ टीबी, ड्रॉइंग आणि ऑफिसच्या फाइलींचे ४, सीसीटीव्हीचे ५. विक्रेता म्हणतो, ६ टीबीचा डीडूप अप्लायन्स घ्या, म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवणारा बॅकअपचा बॉक्स. वीसास एक मिळतं, वीस टीबी एका टीबीत बसतात, म्हणजे १२० टीबी मावतील. तसाच दुसरा बॉक्स सांगलीच्या ऑफिसात ठेवा, ५० एमबीपीएसच्या लाइनवरून रोज रेप्लिकेशन होईल, म्हणजे तिकडे आपोआप प्रत जाईल. घ्यावा का, आणि जुन्या टेप भंगारात द्याव्यात का, असं तुम्ही विचारता.

डिस्कवर जा. हा बॉक्स मात्र घेऊ नका, आणि सांगली तर नकोच. टेप भंगारात देऊ नका. आता कारणं.

वीसास एक हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या डेटाबद्दल फारसं काही सांगत नाही. सीसीटीव्ही सोडून उरलेले ७ टीबी घेऊ. समजा रोज त्यातला दीड टक्का बदलतो, म्हणजे १०५ जीबी. डीडूप आणि कॉम्प्रेशननंतर त्याचे उरतात ५५ जीबी. पहिला पूर्ण बॅकअप ७ चा आकसून ४.४ टीबी होतो. ९० दिवस ठेवायचे तर ४.४ आणि ५ मिळून ९.४ टीबी डिस्क लागेल. हे झालं खरं भांडवल. आता गुणोत्तर काढा. रोज पूर्ण बॅकअप घेत असाल तर ९० दिवसांत ६३० टीबी 'घेतले' आणि ९.४ मध्ये बसवले, म्हणजे सदुसष्टास एक. आठवड्याला पूर्ण आणि एरवी फक्त बदल घेत असाल तर सुमारे ९९ टीबी घेतले, म्हणजे साडेदहास एक. एकदाच पूर्ण आणि नंतर कायम फक्त बदल, तर सव्वासोळा टीबी घेतले, म्हणजे पावणेदोनास एक. तिन्ही वेळा डिस्क तेवढीच लागली. म्हणजे हे गुणोत्तर यंत्राच्या हुशारीपेक्षा आधी तुम्ही तीच तीच गोष्ट किती वेळा घेत होता हेच सांगतं. सुचवलेल्या ६ टीबीच्या बॉक्समध्ये ४.४ टीबी पहिल्याच रात्री जातील आणि रोज ५५ जीबीने तो महिन्याभरात गच्च भरेल. विक्रेत्याला हे गणित कागदावर मांडून दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

वरचे दीड टक्का आणि ५५ जीबी हे मी धरलेले आकडे आहेत, तुमचे नव्हेत. तुमचे मोजावे लागतील, आणि माझं सगळं उत्तर त्या एका आकड्यावर उभं आहे. मोजणं अवघड नाही. तुमचा हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवत असेल तर रोजच्या इन्क्रिमेंटलचा, म्हणजे फक्त बदलाच्या बॅकअपचा, आकार तिथेच दिसेल. नसेल तर एखाद्या जुन्या पीसीत ८ टीबीची डिस्क घाला, रेस्टिक किंवा बोर्ग यांपैकी कुठलंही बॅकअप सॉफ्टवेअर टाका, दोन्ही फुकट आहेत, आणि दोन आठवडे रात्री चालवा. रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअपचा साठा, रोज किती वाढली ते वहीत लिहा. या दोन आठवड्यांत महिनाअखेर येऊ द्या. पगाराचा दिवस, जीएसटीचं रिटर्न भरायचे दिवस आणि डेटाबेसचं इंडेक्स रीबिल्ड चालतं तो रविवार हे तिन्ही त्यात असले पाहिजेत. एरवी ५० जीबी बदलणारा सर्व्हर त्या एका रविवारी १५० जीबी बदलल्याचं दाखवतो, आणि लाइन कोलमडलीच तर ती त्याच दिवशी.

डीडूप आतून कसं चालतं हे थोडं माहीत असलेलं बरं, म्हणजे कशावर ते चालत नाही हेही कळेल. डेटाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा छोटा ठसा, काढायचा, तो हॅश आधी पाहिला असेल तर तुकडा पुन्हा लिहायचा नाही, नुसती नोंद करायची. खरी मेख तुकडे कुठे पाडायचे यात आहे. वारीत शंभर-शंभर माणसांचे गट पाडले आणि सुरुवातीलाच एक जण मध्ये घुसला, तर मागचे सगळेच्या सगळे गट बदलतात. तेच पताकेपासून पताकेपर्यंत एक दिंडी असं मोजलं, तर ज्या दिंडीत तो घुसला तेवढीच बदलते, मागच्या जशाच्या तशा. ठरावीक आकाराचे तुकडे पहिल्या प्रकारचे. मजकूर बघून पाडलेले, कमीजास्त लांबीचे तुकडे दुसऱ्या प्रकारचे. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कला पहिला प्रकार चालतो, कारण तिथे ब्लॉक आपल्या जागा सोडत नाहीत. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे सॉफ्टवेअर व्हीएमसाठी (व्हर्च्युअल मशीन) ४ एमबीचे ठरावीक तुकडे वापरतं आणि फाइलींसाठी बदलत्या लांबीचे, ते याचसाठी.

यातून पुढचं आपोआप येतं. जे आधीच कॉम्प्रेस किंवा एनक्रिप्ट झालंय त्यात सारखे तुकडे सापडत नाहीत. तुमचा एसक्यूएल सर्व्हर रात्री कॉम्प्रेस्ड बॅकअप फाइल काढत असेल आणि ती फाइल डीडूपमध्ये जात असेल, तर ते कॉम्प्रेशन बंद करा. फाइल मोठी दिसेल, पण रिपॉझिटरीत जाताना लहान होईल. लिनक्सवर जीझिपने डंप काढत असाल तर त्याचा आर-सिंकेबल पर्याय लावा, म्हणजे थोडा बदल झाला तरी बाकीचे तुकडे सारखे राहतात. आणि डीडूपवर डीडूप नको. सॉफ्टवेअरने एकदा डीडूप करून एनक्रिप्ट केलेला डेटा महागड्या अप्लायन्सवर टाकला, तर अप्लायन्सला करण्यासारखं काही उरत नाही. मी असे दोन्हीचे पैसे मोजलेले लोक पाहिलेत. कुठल्याही एका ठिकाणी करा.

सीसीटीव्हीचे ५ टीबी यात आणूच नका. व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस्ड, रोज नवा, जुना आपोआप पुसला जाणारा. पोलिसांना किंवा विम्याला लागणारी क्लिप तेवढी वेगळी काढून ठेवा. एकूण १२ टीबी ऐकून विक्रेत्याचा चेहरा खुलला असेल, पण तुमचं खरं काम ७ चं आहे.

आता डिस्क. ९.४ टीबी ९० दिवसांचे. त्याच्या मागच्या नऊ महिन्यांचा महिन्याला एक बॅकअप ठेवायचा तर अंदाजे आणखी २. वर्षाला वीस टक्के वाढ धरून तीन वर्षांनी हे साधारण २० टीबी होतील. रिपॉझिटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही, म्हणून २५ टीबी. ८ टीबीच्या सहा डिस्क, रेड-६ (दोन डिस्क मेल्या तरी डेटा राहतो अशी जोडणी), डिस्कवाल्याच्या हिशेबाने ३२ टीबी आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या हिशेबाने २९. पुरे. डिस्क घेताना एसएमआर प्रकारच्या, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, घेऊ नका. स्वस्त असतात, पण एक डिस्क मेल्यावर रेड पुन्हा उभं राहायला इतका वेळ घेतात की दुसरी जाईल की काय या धास्तीने झोप लागत नाही. हॅशचा इंडेक्स एसएसडीवर ठेवा. डीडूप केलेल्या बॅकअपमधून एक सर्व्हर परत उभा करताना त्याचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात आणि ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला शे-सव्वाशे ठिकाणीच उडी मारू शकते. बॅकअप घेतानाचा वेग माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात असतो. रिस्टोरचा वेग विचारावा लागतो. तो लेखी मागा.

डिस्कवर झेडएफएस ही फाइलसिस्टीम वापरणार असाल तर तिचं स्वतःचं डीडूप चालू करण्याचा मोह टाळा. ६४ केबीच्या ब्लॉकला १ टीबीमागे ५ जीबी रॅम असा जुना हिशेब आहे, आणि रॅम पुरली नाही की सगळं रांगायला लागतं. झेडएफएस खाली राहू द्या, चेकसम आणि स्क्रबसाठी (सगळी डिस्क वाचून खराब झालेला डेटा शोधणं) तो उत्तमच आहे. डीडूप बॅकअप सॉफ्टवेअरला करू द्या.

ऐंशी टक्क्यांचं कारण सांगायचं राहिलं. डीडूपमध्ये जुना बॅकअप पुसला तरी जागा लगेच मोकळी होत नाही. त्याचे तुकडे दुसरं कोणी वापरत नाही ना, हे तपासणारं गार्बेज कलेक्शन नंतर चालतं. प्रॉक्समॉक्समध्ये तर न वापरलेला तुकडासुद्धा पुसण्याआधी २४ तासांहून थोडी जास्त वाट पाहिली जाते. शंभर टक्के भरल्यावर घाबरून महिन्याभराचे बॅकअप उडवले, तरी रात्रीचा बॅकअप फेलच जाणार. आणि काही सॉफ्टवेअरला तर साफसफाई करायलाही थोडी मोकळी जागा लागते.

हॅश जुळून दोन वेगळे तुकडे एकच समजले गेले तर, असं बैठकीत कोणी ना कोणी विचारतंच. एसएचए-२५६ या हॅशच्या पद्धतीत तसं होण्याच्या कितीतरी आधी डिस्क वाचताना चूक करेल. काळजी करायची तर त्या डिस्कची. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०चा १४वा घात इतक्या बिट्समागे वाचनाची एक चूक धरलेली असते, म्हणजे सुमारे साडेबारा टीबी. आणि डीडूपमध्ये ९० तारखांचे ९० बॅकअप दिसत असले तरी विंडोजच्या एका सिस्टीम फाइलचा तुकडा डिस्कवर एकदाच असतो. तो एक खराब झाला तर चौदाच्या चौदा मशीनच्या नव्वद तारखा एकदम जातात. टेपवर निदान मागच्या आठवड्याची टेप वेगळी होती. त्यामुळे आठवड्याला व्हेरिफाय (बॅकअपचे तुकडे हॅशशी पडताळणं), महिन्याला स्क्रब आणि दुसऱ्या जागी दुसरी प्रत या तिन्ही गोष्टी डीडूपसोबत घ्याव्याच लागतात, वरखर्च म्हणून नव्हे.

दुसरी जागा म्हणजे सांगली, हे तुमच्या योजनेतलं मला सर्वांत खटकलेलं कलम. ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगा आणि कृष्णा एकाच आठवड्यात चढल्या होत्या, कोल्हापूर आणि सांगली दोन्ही शहरं एकाच वेळी पाण्यात होती. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेलाच मिळते. एका खोऱ्यातली दोन गावं ही बॅकअपच्या दृष्टीने एकच जागा. आगीचंही तसंच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, आणि ज्यांनी सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात ठेवले होते त्यातल्या काहींचं दोन्ही गेलं. तुमचं चाकणला गोडाऊन-कम-ऑफिस आहे असं तुम्हीच लिहिलंय. बॉक्स तिथे ठेवा, पहिल्या मजल्यावर, स्वतःच्या यूपीएसवर. ते जमत नसेल तर पुण्यात डेटा सेंटरमध्ये भाड्याने जागा मिळते.

लाइनचं गणित. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६.२५ एमबी, हातात पडतात ५ धरा. तासाला १८ जीबी. रोजचे ५५ जीबी तीन तासांत जातील. इंडेक्स रीबिल्डचे १५० जीबी सव्वाआठ तासांत, म्हणजे रात्र पुरते. तेव्हा लाइन चालेल, अट एकच: ५० हा आकडा अपलोडचा आहे का ते पाहा. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो. लीज्ड लाइनला दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून ती महाग पडते.

पहिले ४.४ टीबी मात्र लाइनवरून पाठवू नका. २४४ तास, दहा दिवस, आणि मध्ये लाइन तुटली की ऑफिसात सगळे तुमच्याकडे बघणार. चाकणचा बॉक्स आधी शिरोलीत आणा, शेजारी ठेवून एक गिगाबिटवर पहिली प्रत करा, मग गाडीत घालून पोचवा. पाच तासांत ४.४ टीबी, म्हणजे जवळजवळ २ गिगाबिटची लाइन झाली, डिझेलच्या खर्चात.

उलट्या दिशेचा विचार बहुतेक योजनांत नसतो. शिरोलीचा सर्व्हर रूम गेला तर तेच दहा दिवस परत येताना लागतील. मग बॉक्स गाडीत घालून आणू, असं तुम्ही म्हणाल. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग तुमच्याच दारात, शिरोलीपाशी, पाण्यामुळे कित्येक दिवस बंद होता, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा झाला. ज्या दिवशी बॉक्स लागेल नेमका त्याच दिवशी रस्ता नसेल. म्हणून चाकणला नुसता बॅकअप बॉक्स पुरणार नाही. ईआरपी (कारखान्याचं खरेदी-विक्री-हिशेबाचं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस आणि डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) एवढ्या तीन-चार मशीन उभ्या राहतील असा एक सर्व्हर तिथे हवा. जुना, आत्ता बदलून निघालेला चालेल, रॅम तेवढी वाढवा. डिस्पॅच आणि बिलिंग तिथून चालू राहिलं तर बाकीचं आठवडाभर थांबू शकतं. कोणतं किती थांबू शकतं हे आयटीने ठरवायचं नसतं. अकाउंट्स, प्रॉडक्शन आणि मालक यांना एका टेबलाशी बसवा, प्रत्येक सिस्टीमपुढे दोन आकडे लिहून घ्या: किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे, आणि किती तास बंद चालेल. पहिल्या फेरीत सगळे शून्य सांगतात. मग शून्याची किंमत सांगायची.

रेप्लिकेशन चालू आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा समज जून २०१७ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीला भोवला. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने तिची जगभरची यंत्रणा आडवी केली, आपल्या जेएनपीटीतलं टर्मिनलही त्यात बंद पडलं. त्यांचे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. महावितरणला नावं ठेवताना मला हे हटकून आठवतं.

तुमच्याकडे वीज जाण्यावर भरवसा ठेवायला नको, पण मांडणी तशी करता येते. शिरोलीने चाकणला डेटा ढकलायचा नाही, चाकणने ओढायचा. चाकणकडे शिरोलीचं फक्त वाचण्यापुरतं खातं असेल. शिरोलीतल्या कुठल्याही पासवर्डने, अगदी डोमेन अ‍ॅडमिनच्याही, चाकणच्या बॉक्सवर लॉगिन होता कामा नये. दोन्ही बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये जोडूच नका. मूळ ठिकाणी पुसलं की इकडेही पुसा, असा पर्याय सिंकमध्ये असतो, तो बंद ठेवा. चाकणची मुदत चाकण ठरवेल. ठरावीक दिवस पुसताच येणार नाही अशी इम्यूटेबल सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तीस दिवस लावा, आणि त्या मशीनचं घड्याळ कोण बदलू शकतं तेही बघा, कारण मुदत त्या घड्याळावरच मोजली जाते. शिवाय ईआरपी आणि अकाउंट्सची एक प्रत दर शुक्रवारी यूएसबी डिस्कवर घेऊन केबल काढून ठेवायची. दोन डिस्क आलटून पालटून. हे गावठी वाटेल, पण सुटलेल्या केबलमधून कुठलाच व्हायरस जात नाही. एनक्रिप्शनची किल्ली बॅकअप सर्व्हरवरच एका फाइलमध्ये ठेवलेली असते, हे मी दर दुसऱ्या ठिकाणी बघतो. ती कागदावर छापून पाकिटात घाला, एक मालकांच्या बँक लॉकरमध्ये, एक चाकणला.

कायद्याचं थोडक्यात. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर आणि रोजच्या रोज ठेवावा लागतो. ऑगस्ट २०२२ पर्यंत नियमात 'नियतकालिक' होतं, त्याचं 'रोज' झालं. वह्या आठ आर्थिक वर्षं ठेवायच्या. हे आठ वर्षांचं ओझं डीडूप रिपॉझिटरीवर टाकू नका. वर्ष बंद झालं की टॅलीचा पूर्ण डेटा आणि छापण्याजोगे रिपोर्ट पीडीएफमध्ये काढून वेगळ्या माध्यमावर ठेवा. आठ वर्षांनी ते सॉफ्टवेअर उघडेल याची हमी नाही, पीडीएफ उघडेल. आणि रॅन्समवेअरचा हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचं, लॉग १८० दिवसांचे ठेवायचे, हे २०२२ पासून लागू आहे. कोणी कळवायचं ते आजच ठरवा.

जुन्या टेप याच आठ वर्षांसाठी हव्यात. नवा ड्राइव्ह घ्यायला निघाल तर जपून. एलटीओ-५ च्या टेप एलटीओ-६ आणि ७ चे ड्राइव्ह वाचतात, एलटीओ-८ वाचत नाही. दुकानदार सहसा नवीनच दाखवतो.

आता शेवटचं, ज्याला लोक कंटाळतात. एका कारखान्यात सर्व्हर गेल्यावर मला बोलावलं होतं. बॅकअप यशस्वी झाल्याची मेल रोज सकाळी येत होती, हिरव्या रंगात, सात महिने. ईआरपीचं मशीन मात्र सात महिन्यांपूर्वी नव्या स्टोरेजवर हलवलं होतं आणि बॅकअपच्या जॉबमध्ये जुन्या स्टोरेजचंच नाव होतं. जॉब रोज रिकामी जागा इमानदारीने वाचत होता आणि ती यशस्वीपणे दुसऱ्या गावी पोचवत होता. शेवटी अकाउंटंट बाईंनी स्वतःच्या समाधानासाठी महिन्याला पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत सापडली, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून मी मेल बघत नाही. दर महिन्याला चिठ्ठी टाकून एक मशीन निवडतो, ते दुसऱ्या ठिकाणी, नेटवर्कपासून तोडून उभं करतो आणि त्या खात्यातल्या माणसाला बसवून कालचं शेवटचं बिल दाखवायला सांगतो. किती मिनिटं लागली ते लिहितो. वर्षातून एकदा सगळ्या मशीनची यादी आणि बॅकअपच्या जॉबची यादी शेजारी ठेवून हाताने ताळा करतो.

तुम्ही सोमवारपासून मोजायला लागा. महिनाअखेर धरून दोन आठवड्यांचे आकडे आले की टाका, त्यावर डिस्क आणि लाइन पुन्हा मांडू. तोपर्यंत टेप ड्राइव्ह दुरुस्तीला पाठवा, कारण आत्ता या घडीला तुमच्याकडे कालचा बॅकअपच नाही.